बर्बर, बेर्बेर की अमाझिग?

प्रश्न

अल्जीरियावरच्या एका मराठी टिपणाचं मुद्रितशोधन करतेय. त्यात वाक्य आहे : 'देशातील ९९ टक्के लोक अरब-बर्बर वंशाचे आहेत.' दोन ठिकाणी अडले. 'बर्बर' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे रानटी, क्रूर माणूस येतो. आणि मधल्या रेघेचा अर्थ काय घ्यायचा?

प्रतिसाद

बर्बर ठेवायला काय हरकत आहे? शब्द आपलाच आहे. महाभारतात शक, यवन, किरात यांच्या पंगतीत बर्बर येतात, एक लोकसमूह म्हणून.

प्रतिसाद

त्याच पंगतीतल्या यवनाचं काय झालं बघा. मूळचा ग्रीक, बखरींत येईपर्यंत मुसलमान झाला. शब्द कुठून आला यापेक्षा आज वाचणाऱ्याच्या मनात काय उमटतं, ते महत्त्वाचं. शिवाय 'बर्बर' जन्मापासूनच हिणवणारा. ग्रीकांना परक्यांची भाषा नुसती 'बर-बर' ऐकू यायची, म्हणून ते 'बार्बारोस'. आपल्या 'बडबड'चाच प्रकार! हा शब्द लॅटिन, अरबी असा फिरत उत्तर आफ्रिकेतल्या लोकांना चिकटला. ते स्वतःला अमाझिग म्हणवतात, अनेकवचनी इमाझिगेन. 'मुक्त माणूस' असा त्याचा अर्थ सांगतात. भाषा तमाझिग्त. अल्जीरियात ती २००२ साली राष्ट्रीय आणि २०१६ साली अधिकृत भाषा झाली.

प्रश्नकर्ती

मग 'अमाझिघ' का नाही? रोमन लिपीत शेवटी जीएच दिसतो.

प्रतिसाद

तो अरबीतला 'गैन'. गरीब आणि बाग या शब्दांतही मुळात तोच आहे, पण आपण 'घरीब', 'बाघ' लिहीत नाही. तेव्हा अमाझिग.

तुमच्या रेघेविषयी. खरी गंमत तिथेच आहे. समासाचा विग्रह करून पाहा. 'अरब आणि बर्बर' असा इतरेतर द्वंद्व घेतला, तर दोन वेगळे गट मिळून ९९ टक्के. कर्मधारयासारखा घेतला, तर 'अरबी झालेले बर्बर', म्हणजे एकच मिसळलेला समाज. ९९चा आकडा अमेरिकेच्या 'वर्ल्ड फॅक्टबुक'मधून आलेला दिसतो. तिथेच पुढे म्हटलंय की जवळपास सगळ्या अल्जीरियनांचं मूळ बर्बरच, पण स्वतःची ओळख प्रामुख्याने बर्बर अशी सांगणारे सुमारे १५ टक्के. म्हणजे द्वंद्व बाद.

इतिहासही तेच सांगतो. सातव्या शतकात अरब फौजा आल्या, अकराव्यात बनू हिलाल टोळ्या आल्या. पण सगळी वस्ती बदलली असं झालं नाही. बदलली ती मुख्यतः बोली, तीही शतकानुशतकं. म्हणून 'वंशाचे' हा शब्द मला जास्त खटकतो. इथली सीमारेषा रक्तापेक्षा भाषेची आहे.

प्रतिसाद

थोडं अवांतर. अल्जीरियातला सर्वांत मोठा अमाझिग गट कबाइल. हा शब्द अरबी 'कबीला'चं अनेकवचन, आपला 'कबिला' तोच! म्हणजे त्या लोकांचं नाव नुसतं 'टोळ्या'. बाहेरच्यांनी ठेवलेलं नाव दुसऱ्यांदा गळ्यात पडलं. बाकी ऑरेस डोंगरातले शाविया, म्झाब खोऱ्यातले मोझाबी आणि सहारातले तुआरेग. टिपणात जागा असेल तर हे चारही घ्या, नुसत्या टक्केवारीतून काही कळत नाही.

प्रश्नकर्ती

वाक्य असं केलं : 'अल्जीरियाची बहुतेक लोकसंख्या अरब-अमाझिग मिश्र मूळाची आहे, बहुसंख्य लोक अरबी बोलतात, अमाझिग भाषा बोलणाऱ्यांत कबाइल सर्वाधिक.' पहिल्या उल्लेखाला 'पूर्वी बर्बर म्हटले जाणारे' जोडते. 'इमाझिगेन' वापरू का?

प्रतिसाद

नको. 'अमाझिग लोक' पुरे. आपण चार टेबलं म्हणतो, टेबल्स नाही. आणि 'मूळाची' नव्हे, 'मुळाची'. मुद्रितशोधन तुम्हीच करताय ना?