ॲपने कर्ज नाकारलं तर दाद कुठे?
"मशीनने कर्ज नाकारलं तर आपल्याकडे दाद मागायला कायदाच नाही" हे कोणीतरी लिहिलंय ते मला अर्धंच पटलं. युरोपात जीडीपीआर या डेटा कायद्याचं कलम २२ आहे, म्हणजे फक्त मशीनने घेतलेला मोठा निर्णय आपल्यावर लादला जाऊ नये असा हक्क, आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शूफा (लोकांचा क्रेडिट स्कोअर काढणारी जर्मन कंपनी) प्रकरणात सांगितलं की बँक मुख्यतः स्कोअरवरच विसंबत असेल तर तो स्कोअर काढणं हाच ऑटोमेटेड निर्णय धरायचा. आपल्या २०२३ च्या डेटा कायद्यात असा हक्क नाही, हे खरंच वाईट आहे.

पण ज्या डेटावर मशीन निर्णय घेतं तो चुकीचा असेल तर हातात काहीतरी आहे. इथे इंदूरला रामबागेत माझ्या भाच्याचं दुकानासाठीचं कर्ज ॲपने दोन मिनिटांत नाकारलं, कारण विचारलं तर कस्टमर केअरवाले म्हणे सिस्टिमने केलंय. मग क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जांची नोंद, काढला (वर्षातून एकदा फुकट मिळतो, लोकांना माहीतच नसतं) तर केव्हाच फेडलेलं बाईकचं लोन त्यात अजून चालू दिसत होतं! अशी चूक दुरुस्त करायची तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने रोजचे १०० रुपये भरपाई मिळते, तेव्हा तक्रार लेखीच करा आणि तिचा नंबर जपून ठेवा.