कोल्हापुरात दारू सोडलेल्यांची मिटिंग कुठे असते? लवकर सांगा

करवीर_४१६
राजारामपुरी, शाहूपुरी, उद्यमनगर, कुठेही चालेल. संध्याकाळची पाहिजे. नेटवरचे नंबर एक तर लागत नाहीत, नाहीतर थेट ॲडमिशनचे रेट सांगतात. ॲडमिट करायचं नाही. फक्त मिटिंग. रविवारच्या आत समजलं तर बरं.

शिरोली_नाका
भावा, कुणासाठी? तुझ्यासाठी का घरात कोण आहे? रोज घेतोय का अधूनमधून? हे कळल्याशिवाय काय सांगणार.

पंचगंगा_घाट
ॲडमिट नको म्हणू नका. सरळ पुण्याला मुक्तांगणला न्या. अनिता आणि अनिल अवचट या डॉक्टर जोडप्यानं १९८६ मध्ये सुरू केलेलं केंद्र आहे. माझा मावसभाऊ तिथनं बरा होऊन आला, आज स्वतःचं गॅरेज चालवतोय.

माळकरी_आजरा
माळ घाला. आमच्या चुलत्यांनी पंढरपुरात तुळशीची माळ घातली, त्यानंतर थेंब घेतला नाही. विठ्ठलावर सोडा.

शिरोली_नाका
माळकरी, श्रावणापुरती सोडून पुन्हा सुरू करणारे गल्लीत ढिगानं आहेत. सगळ्यांना जमतं असं नाही.

माळकरी_आजरा
श्रावण पाळणं वेगळं आणि माळ वेगळी. माळ घातली की मटण सुद्धा बंद, माहीत आहे का?

शिरोली_नाका
कोल्हापुरात राहून तांबडा-पांढरा सोडायला सांगता. आधी दारू तर सुटू दे.

गूळमार्केट
चहात टाकायची पावडर मिळते. त्याला कळत पण नाही. आठवड्यात वास नकोसा होतो.

वॉर्ड_सिस्टर
गूळमार्केट, कृपा करून असं कुणाला सांगू नका. त्या पावडरींत बऱ्याचदा काय असतं ते लिहिलेलंच नसतं. डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि तो माणूस वर प्याला, तर तोंड लाल होतं, उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली. जीवावर बेततं. हे औषध पेशंटला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. आणि रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, माणूस ओळखत नाही. धागाकर्त्यांनी आधी सांगावं, पिणं चालू आहे का?

करवीर_४१६
पावडर, माळ, पुणे यातलं मी काहीच विचारलेलं नाही. आणि मी भावा नाही, वहिनी आहे. मिस्टर आता पीत नाहीत. केंद्रात राहून, औषधं पूर्ण करून गणपतीच्या आधी घरी आले. सोडलीय, ती टिकवायची आहे. फौंड्रीत कामाला आहेत. फर्स्ट शिफ्ट सुटली की संध्याकाळ घरात काढतात, टीव्हीचा रिमोट हातात धरून नुसते चॅनल बदलत बसतात. जुने मित्र दारात येऊन हॉर्न वाजवतात, म्हणून खिडकी लावून घेतात. रविवारी पुतण्याची हळद आहे आणि तिथे काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

पंचगंगा_घाट
हळदीला पाठवूच नका.

वॉर्ड_सिस्टर
ज्या केंद्रात होते तिथे फोन करून फॉलोअप ग्रुप आहे का विचारा. नाहीतर सीपीआर हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत जा, त्यांना गावातले ग्रुप माहीत असतात. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, फुकट आहे.

उपनगर_वाचक
तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६. मला उपयोग झाला.

गूळमार्केट
पण दारुडे दारुड्यांना काय शिकवणार? तिथे बसून आठवणीच निघणार.

फक्त_आज
आठवणी निघतातच. आपण काय काय गमावलं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की आत हलतं. डॉक्टरांनी, आईनं सांगून मला जे पटलं नव्हतं, ते एका रिक्षावाल्या मेंबरनं पटवलं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (एए) १९३५ मध्ये अमेरिकेत अशीच सुरू झाली. एक शेअर दलाल, एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलून सोबर राहिले.

वहिनी, कोल्हापुरात एएच्या मिटिंग होतात. जागा-वेळ बदलते, म्हणून इथं लिहीत नाही, व्यनि (खाजगी निरोप) केलाय. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव विचारत नाहीत. पिणं थांबवायची इच्छा एवढीच अट. फोन मात्र त्यांनी स्वतः करायचा. ओपन मिटिंग असेल तर तुम्हीही या. घरच्यांसाठी अल-ॲनॉन वेगळं असतं, त्याचीही चौकशी करा. तुमचंही कुणी ऐकून घ्यायला पाहिजे.

हळदीबद्दल: जायचंच असेल तर सोबत न पिणारा माणूस, स्वतःची गाडी, जेवण झालं की निघायचं.

करवीर_४१६
व्यनि मिळाला. त्यांनी आत्ताच फोन केला, बराच वेळ बोलले. शनिवारी जातो म्हणाले. हळदीला माझा भाऊ सोबत राहील. फक्त सोमवारपासून सेकंड शिफ्ट लागते, त्या आठवड्यात संध्याकाळी कसं जमणार?

फक्त_आज
ऑनलाइन मिटिंग असतात, सकाळच्याही. आणि शनिवारी एखाद्या जुन्या मेंबरचा नंबर घ्यायला सांगा. घ्यावीशी वाटली की घ्यायच्या आधी त्याला फोन. शिफ्ट सुटताना रात्री बारा वाजले असले तरी चालतं, आम्ही उचलतो.

इचलकरंजी_लूम
इकडे इचलकरंजीत आहे का ग्रुप? मला स्वतःसाठी पाहिजे. चालू आहे अजून, रोजची.

वॉर्ड_सिस्टर
रोजची असेल तर एकदम बंद करू नका. उद्या आधी डॉक्टरांना भेटा. किती घेता आणि सकाळी हात थरथरतात का, तेवढं इथे लिहा.