मदत हवी आहे: फायब्रोमायल्जिया आणि व्यायाम, सुरुवात किती मिनिटांनी करावी? (नाशिक)

निशिगंध:
मोठ्या बहिणीसाठी विचारते आहे. वय 47, इंदिरानगर. वर्षभर अंगभर दुखतंय, आठ तास झोपूनही थकवा जात नाही, डोकं जड. संधिवाततज्ज्ञांनी फायब्रोमायल्जिया सांगितलं. रक्ताच्या तपासण्या (सीबीसी, सीआरपी, थायरॉइड, व्हिटॅमिन डी, सीपीके) सगळ्या ठीक. रात्री प्रीगाबालिन 75 ही वेदनेवरची गोळी चालू आहे. "नियमित व्यायाम करा" एवढंच सांगितलंय. बरं वाटलं की ताई 40 मिनिटं चालते आणि मग दोन दिवस अंथरुणाला खिळते. पांडवलेणीच्या पायऱ्या चढून आली तेव्हा आठवडा अंथरुणात गेला. घरचे म्हणतात, दुखतंय तर पडून राहा. नेमकं किती चालायचं? जिम लावावी का? व्यायामामुळे दुखतंय की आजार वाढलाय, हे कसं ओळखायचं?

हळूहळू:
आधी घरच्यांसाठी. या आजारात स्नायूला इजा झालेली नसते. मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचा संदेश वाढवून पोचवतात, म्हणून हातातल्या बांगडीचा किंवा ब्लाउजच्या घट्ट बाहीचा दाबसुद्धा दुखतो. तपासण्या त्यामुळेच नॉर्मल येतात. दुखणं खरंच असतं. पडून राहिलं की स्नायूंची ताकद जाते, मग जिना चढणंही व्यायाम ठरतो आणि तोही दुखतो. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये शिफारशी सुधारल्या, त्यात ठाम शिफारस मिळाली ती फक्त व्यायामाला. गोळ्यांनासुद्धा नाही.

चूक आहे ती 40 मिनिटांची. ताईंचा आकडा चांगल्या दिवसावरून ठरतोय. तो असा काढा: एका आठवड्यात तीन वेगवेगळ्या दिवशी सपाट रस्त्यावर नेहमीच्या चालीने चालायचं आणि दुखणं वाढायला लागलं त्या मिनिटाला थांबायचं. तीन आकड्यांची सरासरी काढा आणि त्यातून 20 टक्के वजा करा. समजा 12, 8 आणि 10 आले, तर सरासरी 10, सुरुवात 8 मिनिटांनी. आठवड्यातून 5 दिवस एवढंच. छान वाटलं तरी 8, कंटाळा आला तरी 8. दोन आठवडे हे जमलं की दर आठवड्याला एकच मिनिट वाढवायचं. 8 वरून 25 ला पोचायला चार महिने लागतात, हे घरात आधीच सांगून ठेवा. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी म्हणतंच, एवढ्याशा चालण्याने काय होणार. फरक जाणवायलाही साधारण 12 आठवडे जातात.

वेग असा ठेवा की चालताना पूर्ण वाक्य बोलता यावं. गाणं म्हणता आलं तर चाल फार हळू आहे, दोन शब्दांवर दम लागला तर फार जोरात.

8 मिनिटं म्हणजे 4 जायला, 4 यायला. घरापासून जॉगिंग ट्रॅकपर्यंतचं चालणंही त्यातच धरायचं. बऱ्याच जणी ते सोडून फक्त ट्रॅकवरचं मोजतात आणि हिशोब चुकतो. सुरुवातीला सोसायटीचं आवारच बरं, दुखलं तर घर जवळ असतं.

वेळेचंही बघा. प्रीगाबालिनची गुंगी सकाळी राहू शकते, तोल जातो. त्यात पहाटे अंग आखडलेलं असतं, आणि नाशिकची डिसेंबर-जानेवारीची थंडी तर विचारू नका. हिवाळ्यात उन्हं वर आल्यावर किंवा संध्याकाळी पाचच्या सुमाराला निघावं. गोळीची वेळ किंवा मात्रा मात्र स्वतःहून बदलू नका.

निशिगंध:
हे कोणी सांगितलंच नव्हतं. चालून आल्यावर दुखलं तर दुसऱ्या दिवशी सुट्टी?

हळूहळू:
सुट्टी नाही. निघण्याआधी 0 ते 10 मध्ये दुखण्याला आकडा द्या, आल्यानंतर दोन तासांनी पुन्हा द्या. 5 चे 6 झाले आणि दोन तासांत परत 5 वर आलं, तर ठीक आहे. दोन तासांनंतरही चढलेलं असेल किंवा दुसऱ्या सकाळी नेहमीपेक्षा 2 ने जास्त असेल, तर चालणं जास्त झालं. मग दुसऱ्या दिवशी निम्मं: 8 च्या जागी 4 मिनिटं. शून्य फक्त तापात. दोन आठवड्यांत दोनदा असं झालं तर मागच्या आठवड्याच्या आकड्यावर परत या.

नव्या व्यायामाने जे दुखतं ते वापरलेल्या स्नायूतच, एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त, आणि तीन-चार दिवसांत उतरतं. आजार उसळला तर न वापरलेल्या जागाही दुखतात, झोप बिघडते, डोकं चालत नाही.

ताकद_आधी:
पांडवलेणीबद्दल एक. त्रास चढण्याइतकाच, बहुधा जास्त, उतरताना होतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असताना भार पेलतो, आणि दुखरी सूज येते ती अशाच कामाने. जिममधले खोल स्क्वॉट्स आणि वजन हळूहळू खाली सोडणं यांचंही तेच. म्हणून आत्ता पायऱ्या नकोत, सामुदायिक जिम-बॅचही नको. तिथे बाकीच्यांच्या गतीने ओढलं जातं.

पण ताकदीचा व्यायाम हवाच. चालणं स्थिरावल्यावर, साधारण चौथ्या आठवड्यापासून, आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान 48 तास सोडून. तीनच प्रकार: खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड, आणि रबरी पट्टा छातीकडे ओढणं. खुर्चीवर आधी एक जाड उशी ठेवा. बसताना कमी खाली जावं लागतं, म्हणून भार कमी पडतो. प्रत्येक प्रकार 5 वेळा, एकच फेरी. दर आठवड्याला एकेक वाढवत 12 पर्यंत, मग उशी काढायची आणि परत 6 पासून. पट्टा हलक्या पिवळ्यापासून, मग जड होत जाणारा लाल, मग हिरवा. शेवटच्या दोन खेपा थोड्या जड वाटाव्यात, पण श्वास रोखायला लागू नये.

स्नायू ताणण्याचे व्यायाम चालून आल्यावर, अंग गरम असताना. 15-20 सेकंद, झटके न देता. जोरकस मालीश टाळा.

ओट्याजवळ:
घरकाम कोणीच मोजलं नाही. पोळ्या, भांडी, कपडे पिळणं ही तिन्ही कामं खांदा आणि मनगटाच्या त्याच स्नायूंची. ती एकाच सकाळी झाली तर रबरी पट्ट्याचा दिवस तिथेच संपला. कपडे संध्याकाळवर ढकला, पिळणं मशीनला द्या.

पोळ्यांचं म्हणाल तर ओट्याची उंची बघा. पोळपाटावर लाटताना खांदे कानाकडे उचलले जात असतील तर ओटा उंच आहे. पोळपाट जेवणाच्या टेबलावर घेऊन उभ्याने लाटा, कोपर शरीराजवळ राहतं. कणीक थोडी सैल भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा, लाटण्यावर दाब कमी लागतो. पाच पोळ्या झाल्या की दोन मिनिटं हात खाली सोडायचे, दुखायला लागायच्या आधी. दुखल्यावर थांबणं म्हणजे उशीर झालेला असतो.

निशिगंध:
पोहण्याचं विचारायचं राहिलं. आणि योगवर्ग?

हळूहळू:
कोमट पाण्यात, साधारण 32-33 अंश, छातीपर्यंतच्या पाण्यात चालणं उत्तम. पोहता यायची गरज नाही. गरम न केलेल्या तलावात फक्त उन्हाळ्यात. योग चालेल, पण सूर्यनमस्काराच्या फेऱ्यांनी सुरुवात नको. हळू, सलग हालचाली बघा. ताई ची या चिनी व्यायामप्रकाराची 2018 मध्ये एरोबिक व्यायामाशी तुलना झाली, त्यात तो तेवढाच किंवा जास्त उपयोगी ठरला.

सांध्याला सूज, ताप, वजन उतरणं, हातापायातली ताकद जाणं, चालताना छातीत दुखणं यांपैकी काही दिसलं तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा. हे फायब्रोमायल्जियाच्या खात्यावर टाकू नका.

निशिगंध:
आठवडाभर मोजलं. 14, 9 आणि 10 आले. सरासरी 11, त्यातून 20 टक्के गेले की 8.8. मग 9 धरू?

हळूहळू:
8 धरा, अपूर्णांक नेहमी खाली. फोनवर 4 मिनिटांचा गजर लावून द्या. वाजला की ताईंनी जिथे असतील तिथून वळायचं.