प्रेमपटात तुमचं घर, तुमची भाषा, तुमचं काम कधी दिसलं?

प्रेमाच्या सिनेमात दोघं पोटासाठी काय करतात आणि घरी कोणती भाषा बोलतात, याकडे माझं फार लक्ष असतं. ठाणे-नवी मुंबईकरांनो, तुमचे अनुभव लिहा. सुरुवात मी करतो.

मी सोलापूरचा, पद्मशाली. घरी तेलुगू, दाराबाहेर मराठी. ऐरोलीत नोकरीला लागलो, तिथेच बायको भेटली, ती नौपाड्यातली. २०१६ मध्ये 'सैराट' ठाण्यातच पाहिला. गाण्यांना थिएटर नुसतं नाचत होतं. मग दोघं हैदराबादला पोचतात. बुलेट चालवणारी पाटलाची पोर बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते, परश्या डोशाच्या गाडीवर उभा राहतो. मला नागराज मंजुळेंचा खरा प्रेमपट तिथे सुरू झाला असं वाटतं. आणि पडद्यावर तेलुगू! मराठी सिनेमात माझ्या आईची भाषा. बायको कानाशी सारखी विचारत होती, "काय म्हणाली ती?" मी सांगत गेलो. त्या दिवाळीला सोलापूरला गेल्यावर हिनं चपला काढता काढता विचारलं, "तिन्नारा, अत्तम्मा?" जेवलात का, एवढंच. आई आत जाऊन डोळे पुसून आली.

कोपरखैरणेहून:
आई वाशीत दोन घरी स्वयंपाक करते. तिला रोहेना गेरांचा 'सर' दाखवला. रत्ना ही गावाकडची तरुण विधवा मुंबईत फ्लॅटवर काम करते, शिवणकाम शिकते, आणि मालकाचा तिच्यावर जीव जडतो. मला वाटलं, आई त्या प्रेमाबद्दल बोलेल. ती म्हणाली, "खाली बसून जेवती बघ ती. हे खरं हाय." त्या दोन घरांत आई कुठं बसून जेवते, हे मी तोवर विचारलंच नव्हतं.

घणसोलीहून:
ताई, तुमचं वाचून आजच बघतोय.

ठाण्याहून, वय ७९:
'मुंबईचा जावई' १९७० चा, आमचं लग्नही त्याच वर्षीचं. पुढे त्यावरून हिंदीत 'पिया का घर' आला. लहानशा घरात भरलेलं कुटुंब, नव्या जोडप्याला एकांत नाही. आमचीच खोली पडद्यावर! दहा बाय बारा, आई-वडील, दोन धाकटे भाऊ. मी वागळे इस्टेटमध्ये पाळीवर, ही टेलिफोनमध्ये. दोघांची सुट्टी जुळली की तलावपाळीला तीन फेऱ्या, तेवढाच आमचा वेळ. सिनेमा सगळ्यांनी मिळून पाहिला. दुसऱ्या दिवसापासून जेवणं आटोपली की आई वडिलांना आणि भावांना घेऊन तासभर गॅलरीत जाऊन बसू लागली. तोंडानं एक शब्द बोलली नाही.