'चांगलं ॲप आपोआप चालतं' म्हणे!

कोडगा : परवा 'नवख्या ॲप डेव्हलपरांसाठी टिप्स' असा एक लेख टाकला गेला. सार एवढंच : फ्लटर (एकाच कोडमधून आयफोन-अँड्रॉइड दोन्हींची ॲप्स बनवायचं गूगलचं साधन) घ्या, डिझाइन झकास करा, मार्केटिंगच्या भानगडीत पडू नका, चांगलं ॲप आपोआप चालतं. खाली वाहवांचा पाऊस. म्हणून हा वेगळा धागा.

आपोआप काय चालतं हो? २००८ मध्ये ॲप स्टोअर ५०० ॲप्सवर सुरू झालं, तेव्हा चाललं असेल. आता लोक शोधून येतात. ॲपलकडे नावाला ३० अक्षरं, उपशीर्षकाला ३०, कीवर्डला, म्हणजे शोधात सापडायच्या शब्दांना, १००. प्ले स्टोअरवर नाव ३०, छोटं वर्णन ८०. एवढ्याशा जागेत काय लिहायचं याचा विचार रिलीजच्या आदल्या रात्री, आणि बटणाचा कोपरा किती गोल यावर आठवडे! कीवर्डच्या रकान्यात स्वल्पविरामानंतर स्पेस सोडून अक्षरं वाया घालवणारे, नावातलेच शब्द पुन्हा तिथं कोंबणारे पैशाला पासरी आहेत. पहिला स्क्रीनशॉट काय, तर लॉगिनचा. ॲप काय करतं ते सांगायच्या जागी पासवर्डची चौकट.

पिक्सेलबुवा : तो लेख माझाच. नाव घ्यायचंत की, लाजता कशाला?
डिझाइन म्हणजे रंगरंगोटी असं मी कुठं म्हटलंय? बोटाला नीट लागेल असं बटण ॲपलच्या हिशेबात किमान ४४ पॉइंट, अँड्रॉइडच्या ४८ डीपी (दोन्ही पडद्यावरची मापं). तेवढंही लोक पाळत नाहीत. तुमच्या कीवर्डमुळे आलेला माणूस दुसऱ्या मिनिटाला अनइन्स्टॉल करून गेला, तर त्या १०० अक्षरांचं लोणचं घालायचं का?

निवांत : तुमचं चालू द्या. पण 'आवडलं का? पाच तारे द्या' या छळाबद्दल कोणी बोलणार आहे का? एक स्कॅनर ॲप घेतलं. एका हातात कागद, दुसऱ्यात फोन, कडा जुळवतोय, आणि नेमका तेव्हा पॉपअप. फोटो हलला तो हललाच. एक तारा देऊन मोकळा झालो.

कोडगा : मागितल्याशिवाय कोण देतं? खूश माणूस गप्प बसतो, चिडलेला धावत येतो. आम्ही आधी 'आवडलं का' विचारतो. हो म्हटलं तर स्टोअरवर, नाही म्हटलं तर ईमेलकडे. सगळे हेच करतात.

घुबड : सगळे करतात म्हणून चालतं होय? गूगलच्या इन-ॲप रिव्ह्यूच्या (ॲपमध्येच रेटिंग मागायच्या सोयीच्या) नियमांत स्वच्छ लिहिलंय, रेटिंगच्या आधी मत विचारायचं नाही. ॲपल तर स्वतःचा पॉपअप बनवूच देत नाही. त्यांचीच खिडकी वापरायची, आणि ती ३६५ दिवसांत जास्तीत जास्त तीनदा दिसते. 'रेटिंग द्या' बटणाला ती जोडणारे महाभाग वेगळेच. कोटा संपला की बटण दाबून काहीच होत नाही, मग 'बटण बिघडलंय' म्हणून पुन्हा एक तारा.

कोडगा : नियम मलाही पाठ आहेत. मोठ्यांची पापं झाकली जातात, लहानाच्या ॲपवर चार एक-तारे पडले की सरासरी जमिनीवर. पोट आमचं, उपदेश तुमचे.

घुबड : पोटाचंच सांगतो. आमचा पॉपअप आधी ॲप उघडताच यायचा, तेव्हा रिव्ह्यूंत नुसत्या शिव्या. मग तो फाइल एक्स्पोर्ट झाल्यावर, म्हणजे माणसाचं काम उरकल्यावर दाखवायला लागलो. शिव्या थांबल्या, लोक फीचर मागायला लागले. 'आवडलं का' विचारायची वेळच आली नाही.

एकटा जीव : फ्लटरवर कोणीच बोलत नाहीये का? स्वतःच पडदा रंगवतं ते, नेटिव्ह घटक, म्हणजे फोनची स्वतःची बटणं-चौकटी, वापरत नाही. ॲपलनं रूप बदललं की फ्लटरवाले तसं करेपर्यंत बसा वाट बघत.

पिक्सेलबुवा : त्यासाठी वेगळा धागा काढा. घुबड, पॉपअप कधी दाखवायचा हे डिझाइनच झालं की! कोडगासाहेब, ऐकताय ना?

कोडगा : ऐकतोय. घ्या, डिझाइन म्हणा, हार घाला स्वतःला. 'आवडलं का' काढतो पुढच्या अपडेटमध्ये. पण मुळात ॲप सापडलंच नाही तर एक्स्पोर्ट कोण करणार आहे, तुमचे काका? याला अजून उत्तर नाही.

पिक्सेलबुवा : कीवर्ड लिहावेत. झालं समाधान? मार्केटिंग मात्र मी म्हणणार नाही त्याला.

निवांत : स्कॅनरवाल्याचं उत्तर आलंय : 'कृपया पाच तारे करा, मग पॉपअप काढू.'

घुबड : स्क्रीनशॉट टाका.