वाइल्डलाइफ डॉक्युमेंटरी शिकणाऱ्यांना सेटअप शॉट (प्रसंग मुद्दाम रचून घेतलेले शॉट) शिकवावेत का?

रानवाट: पावसाळ्यात आंबोलीला फिल्म शिकणारी बरीच पोरं येतात आणि जे चालतं ते बघून जीव तुटतो. मलबारी चापडा साप पानाआड बसलेला असतो, त्याला काठीने उचलून मोकळ्या फांदीवर ठेवायचं, दोन लाइट लावायचे, की झाला नॅचरल शॉट. बेडूक तर सरळ हातात धरून हलवतात, अरे त्यांची कातडी ओली असते, त्यातून ते श्वास घेतात, आणि तुमच्या हाताला डासांचं मलम लागलंय! माझं स्पष्ट मत, शिकताना सेटअप नाहीच, पिंजऱ्यातला प्राणीही नाही. दिसेल ते, दिसेल तसं शूट करा.

फोकसराव: हात लावू नये हे १००% मान्य. पण सेटअपला सरसकट नाही म्हणणं पटलं नाही. 2011 ला बीबीसीच्या 'फ्रोझन प्लॅनेट'मधे ध्रुवीय अस्वलाची नवजात पिल्लं दाखवली, ती नेदरलँड्सच्या झूमधे शूट केलेली निघाली आणि केवढा गदारोळ झाला. पण खऱ्या बिळात कॅमेरा घातला असता तर? आई पिल्लं टाकून गेली असती किंवा कॅमेरामनवर आली असती. मग जास्त नैतिक काय? बिळातलं, वारुळातलं जग दाखवायचं तर सेट लागतोच आणि तो प्राण्याला त्रास न देता कसा लावायचा हे कुणीतरी शिकवायला नको का?

सह्यभटका: सेटअपची सवय कुठवर जाते ते बघा. 1958 चा डिस्नेचा 'व्हाइट विल्डरनेस'. लेमिंग (उंदरासारखे छोटे प्राणी) समुद्रात उड्या टाकून जीव देतात असं दाखवलं, शूटिंग कॅनडाच्या अल्बर्टात, जिथे समुद्रच नाही. लेमिंग बाहेरून आणलेले आणि कड्यावरून ढकललेले. ऑस्कर मिळालं त्याला! आणि लोक अजून तेच खरं मानतात.

फोकसराव: ते क्रौर्य आहे, त्याची बाजू कोण घेतंय इथे? मी बोलतोय झूमधल्या, आधीच माणसाची सवय असलेल्या प्राण्याबद्दल.

रानवाट: बिळाचा मुद्दा पटला, तेवढं मागे घेते. पण बघणाऱ्याला कसं कळणार? बीबीसीने झूची माहिती वेबसाइटवर दिलेली, त्या दृश्याच्या निवेदनात नाही. एक वाक्य टाकायला काय हरकत होती? सेट लावायला शिकवताय तर ते वाक्य लिहायलाही त्याच तासाला शिकवा.

फोकसराव: ऐन प्रसंगात सांगितलं की प्रेक्षक गोष्टीतून बाहेर पडतो, शेवटच्या क्रेडिट्समधे लिहा ना. आणि मग आवाजाचं काय? लांबून टेलिफोटोने (लांबचं जवळ दाखवणाऱ्या लेन्सने) घेतलेल्या शॉटमधे पावलांचा आवाज येतच नाही, तो नंतर स्टुडिओत करतात, त्याचीही पाटी लावणार?

रानवाट: पावलांच्या आवाजाने अस्वल कुठे जन्मलं याबद्दल कुणाची चुकीची समजूत होत नाही, झूच्या शॉटने होते. आणि क्रेडिट्स कोण वाचतं, टीव्हीवर तर ती अर्ध्यात कापतात.