व्हीनसचा हात तिथे का असतो?

घोडबंदरची_आई: लेक आठवीत आहे, एलिमेंटरीची तयारी चाललीय, पुस्तकातले पुतळे बघून स्केच करत बसते. परवा जेवताना म्हणाली, आई ह्या बाईने एक हात खाली का धरलाय, पुरुषांचे पुतळे तर काही न घालता बिनधास्त उभेत. मी पटकन बोलून गेले की लाज वाटते म्हणून, तर म्हणे मग त्यांना का नाही वाटत. मला काही सुचलंच नाही, आणि आपण तिला ओढणी नीट घे म्हणतो तेव्हा हेच करतो का, हे तेव्हापासून डोक्यात फिरतंय. जाणकारांनी सांगा ना.

कोपरीचा_चित्रकार: ताई, लेकीने बरोब्बर पकडलंय. ग्रीकांकडे पुरुषांचे नग्न पुतळे खूप आधीपासून होते, बायका मात्र कपड्यात. इ. स. पू. चौथ्या शतकात शिल्पकार प्रॅक्सिटेलीसने अंघोळीला निघालेली प्रेमदेवता अफ्रोडायटी, म्हणजे रोमनांची व्हीनस, घडवली, हात पुढे धरलेली. रोमन लेखक प्लिनी लिहितो की कोस बेटावरच्या लोकांनी कपड्यातली मूर्ती पसंत केली आणि नग्न मूर्ती क्नीडोस शहरवाल्यांनी नेली. पुढे ह्या पोझला व्हीनस पुडिका नाव पडलं, म्हणजे लाजरी व्हीनस. पण तो हात झाकतो तेवढंच तिकडे बोटही दाखवतो, आणि कोणीतरी चोरून बघतंय हे धरूनच ती घडवलीय, म्हणजे बघणाऱ्याची नजर दगडातच कोरलीय.

सानपाडा_फिजिओ: पुडिका वाचून दचकले. आम्ही रोज पुडेंडल नर्व्ह (गुप्तांगाच्या भागाकडे जाणारी नस) म्हणतो, तो शब्द त्याच लॅटिन मुळातला, लाज वाटण्याचा! कॉलेजात कोणी अर्थ सांगितला नव्हता.

अंबरनाथ_लोकल: आपल्याकडे असं नव्हतं हो. १०६० च्या आमच्या शिवमंदिराच्या भिंतीवरच्या बायका बघा, अंगावर दागिनेच जास्त, कोणी अंग चोरून उभी नाही.

कोपरीचा_चित्रकार: त्या मूर्ती सुंदरच आहेत, पण तेवढ्यावर सुटका नको. लज्जागौरी ही आपली जुनी मातृदेवता घ्या, कमळाचं डोकं, बाळंतिणीसारखे पाय फाकवलेले, ती काहीच लपवत नाही. लाज तिच्या नावात आपण घातली. आणि युरोपात तर बायकांना नग्न मॉडेलसमोर बसून शिकायलाच बंदी होती. लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या संस्थापकांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर ह्या दोघी होत्या, तरी चित्रकार झोफनीने सदस्यांचं एकत्र चित्र काढलं तेव्हा समोर नग्न पुरुष मॉडेल आहे म्हणून ह्या दोघी फक्त भिंतीवरच्या तसबिरींत. लेकीला इटालियन चित्रकर्ती आर्टेमिसिया जेंटिलेस्कीची सुझाना दाखवा, बायबलच्या गोष्टीतली. १६१० चं चित्र, ती तेव्हा सतरा वर्षांची होती.

घोडबंदरची_आई: दाखवली काल. अंघोळीला बसलेली सुझाना आणि कठड्यावरून अंगावर वाकलेले दोन म्हातारे, मोबाईलवर झूम करून बघत बसली. म्हणाली, आई हिचे हात झाकत नाहीयेत, ढकलतायत. आता व्हीनसच्या शेजारच्या पानावर नुसते तेच हात काढतेय, बोटं जमेनात म्हणून मला तसे हात वर करून उभं केलं होतं, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत.